वाघमाऱ्यांनी न पाहिलेला रोहित

वाघमारे पाखराचीही पावती मागत. सत्तरच्या दशकात ते पूर्णा जंक्शनच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. पावतीशिवाय आंब्याची पाटीसुद्धा त्यांच्या हातून सुटत नसे. तोच कायदा त्यांनी रविवारी सकाळी गावाबाहेरच्या तळ्यावर आणला. पाखरू तिघांनी बघायचं, तिघांनी वहीत सही करायची, मगच ते आलं असं धरायचं. तिघं म्हणजे ते, घड्याळं दुरुस्त करणारे करीमभाई आणि शाळामास्तर मी. दुर्बीण एकच, तिचीही एक काच फुटलेली.

करीमभाईंना एकदा मशिदीमागच्या चिंचेवर भलंमोठं घुबड दिसलं. सोबत कुणी नव्हतं. "पावती न्हाई," म्हणून वाघमाऱ्यांनी ते लिहिलंच नाही. करीमभाई महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. "मास्तर, मी काय झूट बोलायलोय का?" असं मला मात्र रोज विचारत.

माझीही गत काही बरी नव्हती. एका बगळ्याचे पाय मी न बघताच पिवळे सांगितले, तर त्यांनी मला चिखलातून परत पाठवलं. "अंदाजपंचे लिहायला ही काय तुमची शाळा हाय का?" पाय काळे निघाले.

अशा कडक माणसाची इच्छा एकच होती. मुंबईहून पक्ष्यांचं एक पत्रक निघे. आपल्या मुलखात कधी न येणारं पाखरू आपण शोधावं आणि त्या पत्रकात आपलं नाव छापून यावं. चार वेळा त्यांनी पत्र पाठवलं आणि चारही वेळा 'हा पक्षी आपल्याकडे नेहमीचाच आहे, आभारी आहोत' असं कार्ड आलं. ती कार्डंही त्यांनी फाइलला लावली.

मग एका जानेवारीत तळ्यावर रोहित उतरला. हा समुद्राकाठी थव्यानं राहणारा, लांब पायांचा, गुलाबी पंखांचा पक्षी, आणि इथं एकटाच. मी घाईघाईनं सही केली. करीमभाईंनी उर्दूत केली. वाघमारे बराच वेळ दुर्बिणीला डोळा लावून होते. मी वही पुढे केली, ती त्यांनी मिटली.

"मी न्हाई पाहिला," ते म्हणाले.

"अहो, आत्ता तर बघत होतात."

"गेल्या साली आपण करकोच्यांची खबर जिल्ह्याच्या पेपरात छापून आणली. चौथ्या रोजी जीप आली, बंदुका आल्या. त्यातले काही मेले, तर राहिलेल्यांना एकमेकाची सोबत तरी होती. ह्याला कोण हाय?"

जन्मात खोटी नोंद न केलेला माणूस हे बोलत होता. आधी मला राग आला, मग स्वतःचीच लाज वाटली. करीमभाईंनी आपली सही खोडली.

रोहित सतरा दिवस राहिला. ड्यूटी सुटली की वाघमारे सायकलनं तळ्यावर जात आणि दिवेलागणीपर्यंत बसत. अठराव्या दिवशी संध्याकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. बायको वारल्यापासून ते कुणाच्याच घरी जात नसत.

"गेलं ते, मास्तर," ते म्हणाले. "जरा बसू का? घरी जाऊ वाटंना."

आत हिनं त्यांचंही ताट वाढायला घेतलं. ते नको म्हणाले नाहीत.