आक्कांच्या दोन भुवया

आक्कांच्या दोन्ही भुवया मी कधी एका वेळी शाबूत पाहिल्या नव्हत्या. डावी असली की उजवी नसे आणि उजवी उगवेपर्यंत डावीचा निकाल लागलेला असे. सांगलीत हळदीच्या एका वखारीवरच्या माडीवर आमच्या महिला मंडळाचा केशभूषेचा आणि सौंदर्याचा वर्ग भरायचा. आक्का तिथल्या शिक्षिका, मी मंडळाचा कारकून. पहिल्याच दिवशी मी शहाणपणा केला. "आक्का, काही आजारबिजार झाला होता का?"

त्यांनी मला न्याहाळलं. "आवं कारकून, तुमच्याच भुवया लय आळशी हायेत. तोंड हिकडं आणा."

मी आणलं नाही. पुढं आणलं, ती शोभा खाली येतेच आहे.

माणसांची नावं आक्कांच्या लक्षात राहत नसत, भुवया राहत. मंडळाचे चिटणीस म्हणजे 'ते जुळलेले', पोस्टमन म्हणजे 'ते पुसट' आणि वखारीचे मालक म्हणजे 'ज्यांच्या भुवयांचं एकमेकीशी पटत न्हाई ते'.

वर्गात मुली सहाच. सातवी आली की तिला पुढच्या खेपेला ये म्हणून सांगत. कारण भुवई कोरायचं काम शिकवायला आक्का स्वतःचं तोंड देत. खुर्चीत मागं रेलायचं, डोळे मिटायचे. मग एकेका मुलीनं दोऱ्याचं टोक दातात धरून, बोटांत पीळ घालून त्यांच्या कपाळाशी वाकायचं.

"डोळं मिटलं की मला समदं दिसतंय," असं त्या म्हणायच्या. आणि खरंच दिसायचं. "शकू, केस तुटला गं. मुळातनं यायला पायजे." "दोरा सैल सुटला, परत." कोण वाकलंय ते त्यांना श्वासावरनं कळे.

"शिकवणारीला दुखलं तरच शिकणारीचं कुठं चुकलं ते कळतंय," त्या मला एकदा म्हणाल्या. "आन् सहाजणींपुरतंच कातडं दिलंय देवानं."

बाहत्तरचा दुष्काळ सरला आणि आटपाडी, माण भागातल्या पोरी काहीतरी हातचं शिकायला म्हणून सांगलीला येऊ लागल्या. चिटणीसांनी वर्ग तीस जणींचा करायचं ठरवलं. "सहाजणींनी काय पुण्य केलंय आणि बाकीच्यांनी काय पाप?" हा त्यांचा सवाल मी इतिवृत्तात लिहून घेतला.

आक्का एवढंच म्हणाल्या, "पोरी तीस, भुवया दोन."

हा मुद्दा नियमावलीत कुठं बसवावा ते चिटणीसांना कळेना. "मुली आपापसांत करतील," म्हणून त्यांनी सभा संपवली.

नव्या वर्गाच्या पहिल्या दिवशी खुर्चीत बसायला कुणीच मुलगी तयार होईना. तेव्हा माझ्या अंगात शौर्य संचारलं. "माझ्यावर करा," असं म्हणून मी खुर्चीत जाऊन बसलो. पुढच्या मुलींनी ढकलून ढकलून शेवटच्या बाकावरची हौसा माझ्यासमोर आणली. ती आटपाडीची. आक्कांनी हवेत दोरा चालवून दाखवला, तेव्हा तिला मागून त्यांचा हातसुद्धा धड दिसलेला नव्हता. आक्का गर्दीतनं वाट काढेपर्यंत तिनं सुरुवात केली. मी जीव तोडून ओरडलो. पण आक्का दुखलं की 'सैल सुटला' म्हणत, आणि मी नुसतं 'अगं आई गं!' म्हणत होतो. त्यातनं ती बिचारी काय शिकणार? डावी भुवई अर्धी गेली.

त्याच रविवारी मी वडूजला मुलगी बघायला गेलो. मुलीचे वडील निवृत्त सुभेदार. पोहे संपेपर्यंत ते माझ्याकडं टक लावून बघत होते. नंतर मध्यस्थाला म्हणाले, "पोरगं बरं हाय, पर एका बाजूनं सारखं आश्चर्य वाटल्यागत दिसतंय." नकार आला.

हे ऐकून आक्का पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "हौसाला बोलू नगा. लांबनं बघून दोरा येत न्हाई."

पुढं काही महिने मुली एकमेकींना ओरबाडत राहिल्या. आक्का फळ्यावर खडूनं भुवई काढून दाखवत. फळ्यावरची भुवई सगळ्यांना सुरेख यायची.

संक्रांतीच्या सुमारास त्या सहीसाठी माझ्या टेबलाशी आल्या आणि मी बघतच राहिलो. दोन भुवया! काळ्याभोर, जोडीनं! बायकांची तारीफ कशी करावी हे मला तेव्हाही कळत नव्हतं, पण गप्प बसणं त्याहून कळत नव्हतं.

"आक्का, भुवया झकास आल्यात की!"

"व्हय," त्या हसल्या. "आता कोण हात लावतंय?"

मीही हसलो. जिना उतरून हळदीच्या पोत्यांपाशी आलो आणि माझं हसू गेलं. आक्कांचा नवरा लग्नानंतर मुंबईला गिरणीत गेला आणि त्यानं तिकडंच दुसरं बिऱ्हाड केलं, हे अख्ख्या पेठेला ठाऊक होतं. घरी त्या आणि त्यांची सावली, एवढीच माणसं.

दुसऱ्या दिवशी मी हौसाला गाठलं. "माडीचं कुलूप आता मी जरा उशिरा लावणार आहे. वर्ग सुटल्यावर दोरा घेऊन आक्कांकडं जाऊन बघ."

"आक्का वरडतील की वो!"

"ओरडणार नाहीत. माझं ऐक."

आजवर माझं कुणी ऐकलं नव्हतं, हौसानं ऐकलं.

आठवडाभरानं संध्याकाळी किल्ली घेऊन वर गेलो तर दार अर्धवट लोटलेलं. आक्का खुर्चीत, डोळे मिटलेले. हौसा दातात दोरा धरून त्यांच्यावर वाकलेली आणि मागं भिंतीला टेकून आणखी चार-पाच जणी.

"ताण धर, बाळ. आं... ह्यो आला बघ मुळातनं."

मिटल्या डोळ्यातनं पाण्याची एक धार त्यांच्या कानापर्यंत गेली. हौसाचा हात थबकला. "लय दुखतंय का आक्का?"

"दुखतंय की. तू थांबू नगंस."

मी किल्ली खिशात टाकली आणि आवाज न करता पायरीवर बसलो. आतनं लगेच हाक आली.

"कारकून, पायरीवर काय बसलायसा? आत या. आज तुमचं तोंड कुणी मागत न्हाई."