रस्त्यापलीकडचा फिक्री

अलेक्झांड्रियात उभा जन्म मी ट्राम चालवली. त्यामुळे रस्ता कसा ओलांडावा हे मला कुणी शिकवू नये, असं मी मुलीला ठणकावून सांगितलं.

"बाबा, तो रस्ता आता तुमचा राहिला नाही," नवाल म्हणाली.

तिचं खरं होतं. रुंदीकरणात झाडं गेली, सिग्नल गेला, बाकडं गेलं आणि आमच्या दारासमोर मोटारींचा पूर आला. पलीकडे माझा दोस्त फिक्री राहायचा. पूर्वी रोज संध्याकाळी आमचा सोंगट्यांचा डाव रंगायचा. मग तो त्याच्या गॅलरीत, मी माझ्या. हात हलवायचा आणि आत जायचं. त्याचे गुडघे तर नुसते बसून बसूनच गेले. शेवटी त्याचा मुलगा त्याला कायमचा कैरोला न्यायला आला.

"चहा टाक, आलोच," मी फोनवर म्हटलं.

कडेला उभा राहिलो. हात दाखवला, काठी दाखवली, पिकलेलं डोकं दाखवलं. एका टॅक्सीवाल्याने तेवढं विचारलं, "आजोबा, घरी कंटाळले का तुम्हाला?"

तेवढ्यात मागच्या मशिदीतून जनाजा निघाला. शववाहिका पलीकडे उभी होती. आणि काय सांगू, सगळ्या मोटारी गपगार थांबल्या. आमच्याकडे मोटारी थांबतात त्या मेलेल्यासाठीच. मी मान खाली घालून गर्दीत घुसलो.

अलगद पलीकडे पोचलो. आता सटकणार, तोच एका दांडग्या तरुणाने मला मिठी मारली.

"काका, या वयात चालत आलात माझ्या आजोबांसाठी?"

"अरे, मी आपला इथं वर..."

"बोलू नका काका, त्रास होईल." त्याने मला जवळजवळ उचलूनच मोटारीत घातलं. वर गॅलरीत फिक्री आनंदाने दोन्ही हात हलवत होता.

कब्रस्तानात मला सगळ्यांत पुढे उभं केलं. मला तो निवत चाललेला चहा आठवला आणि मी हमसून हमसून रडलो. लोक रांगेने येऊन माझंच सांत्वन करू लागले. एक म्हातारा मुलांना म्हणाला, "बघा, याला म्हणतात जीव लावणं."

परतताना मी विनवलं, "बाळा, मला पलीकडच्याच बाजूला सोड."

"छे, तुम्हाला असं रस्त्यात टाकू? मशिदीतल्या लोकांकडून तुमचं नाव-घर विचारून घेतलंय मी, वगदीकाका."

त्याने मला माझ्याच दारात, नवालच्या हाती सोपवलं. समोरच्या गॅलरीचं दार लावलेलं होतं.

फोन लावला. फिक्री मोटारीत होता, कैरोच्या वाटेवर.

"ओलांडलास की रे. मी पाहिलं ना. मग वर का नाही आलास?"

"मयतीला गेलो होतो."

"कुणाच्या?"

नाव विचारायचं राहूनच गेलं होतं.