लांबमान्यांचे दात

मार्गशीर्ष वद्य तृतीया, १९३२, श्रीवर्धन. हजर: तात्या, त्यांना मुंबईला न्यायला आलेला पुतण्या नारायण, होडीवाला लखमा आणि सामानाची यादी घेऊन मी, शेजारीण.

लखमा दारात आला तेव्हा तात्या "ये" म्हणाले नाहीत. "आ कर," म्हणाले.

ते सगळ्यांना असेच भेटत, आधी बोटाने दात चाचपत. तरुणपणी मध्यप्रांतात एका साहेबाकडे नकाशे काढायला होते. साहेबाच्या पुस्तकांतली चित्रं नकलून देता देता त्यांना लांब मानेच्या प्राचीन, महाकाय प्राण्यांचं वेड लागलं. त्यांना ते 'लांबमाने' म्हणत. श्राद्धाच्या पंगतीतसुद्धा सुरू होत, "पूर्वजांचे दात सुरीसारखे, मांस कापायला. मग झाले पानासारखे, कडेला बारीक करवत. पुढे चमच्यासारखे जाड. का? पाला ओरबाडायचा आणि न चावता गिळायचा!"

"माझी बायको पन चावत न्हाय, तात्या," लखमा म्हणाला. "तिची मान कवा लांबायची?"

"लाखो वर्षं थांब. घाई करू नकोस."

हसलो आम्ही, पण तात्यांना आमचे चेहरे दिसत नव्हते. डोळे गेले होते. पावसाळ्यात विहिरीच्या काठावरून पाय घसरला, म्हणून नारायणने घर विकलं. आता परतणं नव्हतं.

ट्रंक झाली, वळकटी झाली, तांब्या झाला. बोट लांब पाण्यात उभी होती, होडीने तिथवर जायचं होतं. तात्या ओटीवरून उठेनात.

"चित्रं ट्रंकेत घातलीत," मी म्हटलं.

"चित्रं नाही हो, बाई." त्यांनी बंडीच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आत तांदळाएवढा दात.

"हा कुठल्या प्राण्याचा?" मी पेन्सिल उचलली.

"शांतीचा."

त्यांची मुलगी. लहानपणीच तापाने गेली, एवढंच मला माहीत होतं.

"अंथरुणात पडला. म्हणाली, बाबा, कौलावर टाका, म्हणजे नवा येईल. मी म्हटलं, बरी हो, दोघं मिळून टाकू." पुडी मिटत म्हणाले, "लांबमान्यांचा एक पडला की खाली दुसरा तयार असे. जन्मभर."

त्यांनी पुडी माझ्या हातात ठेवली.

"मला कौल दिसत नाही. तुम्ही टाका."

"चला तात्या, पानी उतरतंय," लखमा हळूच म्हणाला आणि त्यांना पाठीवर घेऊन निघाला.

यादीतल्या सगळ्या ओळींवर खुणा झाल्या. बोट गेल्यावर मी खाली आणखी एक ओळ लिहिली: दात, कौलावर. त्या ओळीवर अजून खूण नाही; दोनदा पुडी घेऊन तात्यांच्या अंगणात नुसती उभी राहून आले. नवे मालक सोमवारी कौलं उतरवणार आहेत.