चार दहाची पोशेरा गाडी

आमच्या जव्हारला रेल्वे नाही. कधी नव्हती. गाडीत बसायचं तर आधी एसटीने घाट उतरून खाली जावं लागतं. तरीही आमचे शेजारी काशिनाथ गुरुजी रोज दुपारी चार वाजता असतील तिथून उठतात आणि "गाडीची वेळ झाली" म्हणत घराकडे सुटतात. एकदा तर सख्ख्या पुतणीच्या लग्नात, अंतरपाट धरलेला असताना, शेवटचं मंगलाष्टक बाकी ठेवून निघाले. हातातल्या अक्षता माझ्या हातात कोंबल्या आणि म्हणाले, "भाऊसाहेब, माझ्या वाटणीच्या तुम्ही टाका." मी कचेरीत कारकून होतो, म्हणून भाऊसाहेब.

ही गाडी गुरुजींच्या पुढच्या खोलीत आहे. निवृत्त झाल्यावर माणसं काशीला जातात, नाहीतर गुडघ्यांना तेल चोळत बसतात. गुरुजींनी खोलीत प्लायवूडच्या फळ्या टाकल्या आणि जव्हार-मोखाडा हे दोन्ही तालुके त्यावर उभे केले, रेल्वेसकट. डोंगर कागदाच्या लगद्याचे. भाताची खाचरं हिरव्या रंगात बुडवलेल्या भुशाची. घरं खऱ्या कारवीच्या काड्यांची, वरून शेणाने सारवलेली. शिवाजी महाराज थांबले होते त्या शिरपामाळावर काडेपेटीच्या काडीला लावलेला भगवा. बोगदा तेलाचा डबा कापून केलेला, आत डोकावलं तर डब्यावरचं सूर्यफूल अजून दिसतं. दिशा आणि अंतरं मात्र गुरुजींच्या सोयीची. मी एकदा विचारलं, "गुरुजी, मोखाडा इतकं जवळ कसं हो?"

"रेल्वे आली की जवळ येतंच," ते म्हणाले.

इंजिन नाशिकहून आणलेलं, सेलवर चालणारं. डबे वरून उघडे, कारण त्यात प्रवासी बसवायचे असतात. शाडूचे, वालाच्या दाण्याएवढे, डोक्यावर बोचकी घेतलेले. वहिनी या गाडीला सवत म्हणतात. "रोज चारला येते मेली, आणि हे भांग पाडून उभे!" पण लसूण वाळत घालायला त्यांना त्याच सवतीचे डोंगर लागतात.

गुरुजींचा जीव सिग्नलवर. चहाचं विचारलं तर "सिग्नल आहे." वहिनींनी तूप बंद केलं तेव्हा "वरून सिग्नल नाही." मुलगा ठाण्याला राहायला बोलावतो, त्यालाही गेली कित्येक वर्षं एकच उत्तर, "सिग्नल मिळालेला नाही."

या रेल्वेची एक गंमत होती. गाडी 'खाली' नावाच्या स्टेशनावरून सुटायची आणि जव्हार, मोखाडा करत शेवटी पोशेऱ्याला पोचायची. तिथे गुरुजी काहीतरी पुटपुटत एकेक माणूस उतरवायचे. गाडी रिकामी झाली तरी आणखी तीन मिनिटं तिथेच उभी. मग ती हातांनी उचलून पुन्हा 'खाली' नेऊन ठेवायची. इंजिनाचं मागे जायचं बटण त्यांनी चिकटपट्टीने बंद करून टाकलं होतं. यावरून मी त्यांना फार छळलं. "अहो, परतीची गाडीच नाही, ही कसली रेल्वे? रोज एवढी माणसं आणता, एक दिवस पोशेऱ्याला उभं राहायला जागा उरणार नाही." गुरुजी नुसते हसायचे.

यंदा होळीच्या आधी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाकायला सक्त मनाई केली. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यात अजून मोतीबिंदू, असे ते पुढच्या खोलीतच पलंगावर आडवे होते. मला बोलावून म्हणाले, "भाऊसाहेब, आजची चार दहाची तुम्ही घ्या." मंत्रिपद मिळाल्यासारखा मी खूश झालो. वेळेवर गाडी सोडली, घाट चढवली, पोशेऱ्याला आणली. आणि तिथे मला बुद्धी सुचली. गुरुजींना दिसत तर नव्हतंच. मी हळूच चिकटपट्टी काढली आणि ते बटण दाबलं. गाडी माणसांसकट उलटी घाट उतरू लागली.

आवाज बदललेला गुरुजींनी ओळखला. ताडकन उठून बसले. "थांबवा! भरलेली गाडी खाली न्यायची नाही!"

इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. वहिनी पिठाच्या हातांनी दारात आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. मी चोरासारखी गाडी पुन्हा पोशेऱ्याला आणली.

"पोशेऱ्याच्या पुढे एका पाड्यावर माझी शाळा होती," पुन्हा आडवे होत गुरुजी म्हणाले. "दिवाळी झाली की माणसं जगायला निघायची, खाली, वीटभट्ट्यांवर. पोरं बरोबर. निम्मा वर्ग ओस. जानी नावाची एक पोर होती तिसरीत, पाढ्यांना पक्की. तिच्या बापाला मी वाटेत अडवलं. म्हटलं, हिला तरी ठेव. तर म्हणतो, 'पोट तं संगं न्यावा लागतं गुरुजी, मंग पोर कोनाजवल ठेवू?'"



"त्या वर्षी तपासणी होती. मला पट स्वच्छ हवा होता. सलग गैरहजर म्हणून तिचं नाव मी लाल शाईने कमी केलं. होळीला ती परत आली. डोक्याला तेल लावून पहिल्या रांगेत बसली. मी हजेरी घेतली. सगळी नावं झाली, तिचं आलंच नाही. आणि माझ्या ध्यानातही आलं नाही, भाऊसाहेब! पाटी उचलून ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी बोलवायला गेलो तर शेळ्या राखत होती. म्हणाली, 'माझा नाव नाय, गुरुजी.' पुढच्या दिवाळीला ती माणसं खाली गेली, ती परतलीच नाहीत."

एवढी वर्षं मी त्या गाडीवर विनोद करत होतो, त्याची लाज वाटली.

"उशीखाली हजेरीची वही आहे," गुरुजी म्हणाले. "वाचा."

मी वाचू लागलो. सोनू. बुधी. लक्षा. चिंतू. एकेका नावाला गुरुजी पलंगावरून "हजर" म्हणत आणि मी एकेक शाडूचं माणूस पोशेऱ्याला उतरवत होतो. वहीत शेवटचं नाव राहिलं, तेव्हा गाडी रिकामी झाली होती.

"जानी," मी वाचलं.

पलंगावरून "हजर" आलं नाही.

"गुरुजी, डब्यात कोणी नाही."

"तिला मी कसा बसवू? ती आपल्या पायांनी आली पाहिजे," ते म्हणाले. "थांबा जरा."

मी थांबलो. भिंतीवरच्या घड्याळात तीन मिनिटं झाली, मग पाच झाली. वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि त्या आत गेल्या.

"गुरुजी, गाडी उचलू?"

"सिग्नल मिळालेला नाही," गुरुजी म्हणाले.

मी हात मागे घेतला आणि पोशेऱ्यालाच उभा राहिलो.