रामबाईचं चढतं बीपी

आपल्या नुसत्या खोकण्यानं तिरोडा तालुक्यातले चोर गाव सोडतात, असं केवलराम यांचं स्वतःबद्दल मत होतं. कालव्यावर पाटकरी म्हणून त्यांनी तीस वर्षं पाणीचोर शोधले. एकच सापडला, तोही आपण होऊन सांगायला आला म्हणून. निवृत्तीनंतर त्यांनी गुप्तहेरगिरी सुरू केली आणि बायकोला, शामकलाला, सहायक नेमलं. तिला कोणी विचारलं नव्हतं.

दोन हजार सहा साली त्यांच्या हाती मोठं प्रकरण आलं. त्यांची मोठी बहीण रामबाई पलीकडच्या आळीत एकटी राहायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणसं आवाजावरून ओळखायची. शस्त्रक्रियेच्या शिबिरातून तिला दोनदा परत पाठवलेलं, कारण बीपी एकशे ऐंशी. "आधी हे उतरवा, मग डोळा," डॉक्टर म्हणाले. रोज गोळी, मीठ बंद. रामबाईनं मिठाचा डबाच घराबाहेर काढला, तरी बीपी हलेना. पुढचं शिबिर महिन्यावर आलेलं.

"हे आपोआप चढून नाही राहिलं," केवलराम म्हणाले. "कोणीतरी चढवून राहिलं."

पहिला संशय उपकेंद्रातल्या यंत्रावर. त्यांनी पट्टा स्वतःच्या दंडाला बांधून घेतला. एकशे सत्तर.

"पकडलं. मले कायले बीपी राहील?"

"यंत्र बरोबर आहे, काका," योगेश्वरी सिस्टर म्हणाली. "तुम्हालाच आहे."

तिनं ज्यांच्याकडे पाठवलं, त्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या केवलरामांनी पुरावा म्हणून पाकिटात ठेवल्या. शामकलानं तो पुरावा रोज सकाळी एकेक करून त्यांना गिळायला लावला.

दुसरा संशय टीव्हीवरच्या भांडकुदळ सासवांवर. टीव्हीची वायर जप्त झाली. रामबाई इतकी संतापली, की बीपी आणखी दहानं वर गेलं.

मग भिंग घेऊन घराची झडती. फळीवर एक वाटी होती, तीत आंब्याचं लोणचं. केवलरामांनी बोटानं नमुना घेतला, पुन्हा घेतला, वाटी चाटून पुसून संपवली आणि जाहीर केलं, "यात काही नाही."

आता खरोखरच नव्हतं. शामकलानं वाटी धुवायला घेतली आणि सवयीनं काठावर कोरलेलं रामबाईच्या शेजारणीचं नाव वाचलं. पुष्पाबाई.

"बाई, लोणचं पुष्पाबाईकडचं का जी?"

"हो वो. माही भाजी अळणी मनून बिचारी रोज धाडते. डाक्टरनं मीठ बंद केलं, लोणच्याचं नाव नाही काढलं."

"मंग तुम्ही वाटीत काय धाडता?"

"रिकामी वाटी कशी धाडू? अन् बिनमिठाची भाजी कोण खाते? तिचंही डोकं गरगरते मने. मंग माह्या गोळ्याच वाटीत टाकून धाडते."

म्हणजे औषध शेजारी जात होतं आणि मीठ घरात येत होतं.

"माह्या मनात हेच होतं," केवलराम बोटं चाटत म्हणाले.

शामकलानं वाटीत वालाच्या शेंगा घालून ती परत केली, आणि पुष्पाबाई, रामबाई दोघींना हाताला धरून सिस्टरकडे नेलं. दुसऱ्याची गोळी खाणं म्हणजे काय, हे सिस्टरनं दोघींना अर्ध्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात समजावलं.

महिन्यानं शिबिरात बीपी भरलं एकशे अडतीस. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी काढायच्या दिवशी केवलराम सर्वांत पुढे उभे राहिले, छाती काढून.

"दिसून राहिलं का, बाई?"

रामबाईनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"दिसते. पण सरक गा थोडा," ती म्हणाली. "तुह्या मागं शामकला हाय. तिले पाहू दे मले."