अर्थ कुठे लागलाय

ताईच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं होतं, त्याला चार आठवडे होत आले. पहिल्या आठवड्यात काही सुचलं नाही. दुसऱ्या आठवड्यात सुचलं, ते आवडलं नाही. तिसऱ्यापासून, उशिराबद्दलची माफी आधी मागावी की शेवटी, असा प्रश्न पडला, आणि तो सुटेपर्यंत उशीर आणखी वाढत गेला.

हे गृहस्थ छापखान्यात अडतीस वर्षं मुद्रितं तपासत होते. तिथले लोक त्यांना अनुस्वार म्हणायचे. अंगाने लहान, असले तर कुणाच्या लक्षात येत नाहीत, नसले तर काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, म्हणून. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी हातातली लाल पेन्सिल काही निवृत्त झाली नव्हती. ताईचं पत्र आल्या आल्या त्यांनी तिच्या चार वेलांट्या दुरुस्त केल्या, आणि तिने जन्मात कधी न दिलेले पूर्णविरामही देऊन टाकले.

ताईला फोनवर ऐकू येत नसे, म्हणून पत्र. हा महिना संपला की ती मुलीकडे कायमची राहायला जाणार होती, विमानाने जावं लागतं इतक्या लांब. त्याआधी आठ दिवस भावाकडे राहायचं तिच्या मनात होतं. पुढचा मजकूर, पूर्णविरामांसकट, असा होता: 'गाडी घेऊन ये. म्हणणार नाही मी बसने येईन. तुला संध्याकाळचं दिसत नाही ठाऊक आहे मला.'

हट्ट आणि वर टोमणा. लहानपणापासून ताईची हीच तऱ्हा, तेव्हा अनुस्वारांना नवल वाटलं नाही, पण टोमणा लागला. डोळे चांगले होते. गाडी तेवीस वर्षांची होती आणि तिचे पुढचे दिवे झोप आल्यासारखे मिणमिणायचे, एवढंच. ताईकडून परतायला अंधार होणार. तेव्हा दिवे बदलावेत आणि उत्तर म्हणून आपणच जाऊन तिच्या दारात उभं राहावं, असं त्यांनी ठरवलं. म्हणजे लिहायला नको.

"दोन ओळी लिहायला नकोत म्हणून गाडीचे दिवे बदलणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय," बायको म्हणाली.

कोपऱ्यावरच्या वायरमनने बॉनेट उघडून मान हलवली. "एलईडी टाकू, काका. पुढचे, मागचे, इंडिकेटरचे, सगळेच. वीज कमी, उजेड जास्त."

अनुस्वारांना 'नुसते पुढचेच करा' असं म्हणायचं होतं. ते म्हणाले, "बरं."

दिवे छान लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात त्यांनी डावा इंडिकेटर दिला, तर तो घाबरलेल्या माणसाच्या नाडीसारखा उडायला लागला. जन्मात कुणाच्या पुढे रांगेत न घुसलेला हा माणूस, आणि त्याची गाडी 'सरका, सरका' म्हणून सगळ्यांना घाई करत होती. पुढचे दोन रिक्षावाले बाजूला झाले. एका ट्रकने वाट दिली. एवढ्या लोकांनी जागा करून दिल्यावर नुसतं डावीकडे वळणं अनुस्वारांना बरं दिसेना. हात वर करून सगळ्यांचे आभार मानत ते सरळ गेले आणि तीन किलोमीटरचा वळसा घालून घरी आले.

"होतं असं," वायरमन म्हणाला. "हा दिवा वीज इतकी कमी घेतो, की गाडीला वाटतं तो गेलाच. म्हणून ती घाईघाईने मिचकावून तुम्हाला सांगते. एक रेझिस्टन्स लावू."

"त्याचं काम काय?"

"काम काही नाही. कोपऱ्यात बसून नुसतं तापायचं."

बायको आज सोबत आली होती. "आमच्याकडे एक आहे तसा," ती म्हणाली. "लावून नऊ वर्षं झाली."

रेझिस्टन्स बसला, नाडी ठिकाणावर आली. पण आता ब्रेक दाबला की मागचे दोन्ही इंडिकेटर मंदसे पेटायला लागले, आणि डावीकडचा दिला की उजवाही त्याला हळूच साथ देऊ लागला. चौकातल्या पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली.

"काका, नक्की जायचंय कुठे?"

"डावीकडे जायचा विचार आहे."

"उजवा पण लागलाय."

"तो माझा विचार नाही."

पोलिसाने तोंडातली शिट्टी काढली. "एकदा घरी बसून ठरवा," तो म्हणाला, "आणि मग बाहेर पडा."

त्यानंतर वायरमनने मागचे दिवे दोनदा काढले आणि दोनदा लावले. एकदा हेडलाइट लावला की वायपर अर्ध्यावर थांबायला लागला. एकदा हॉर्न वाजवला की आतला दिवा लाजल्यासारखा मंद व्हायचा. रोज संध्याकाळी अनुस्वार पायीच घरी येत, वहीत 'प्रिय ताई,' असं लिहीत, स्वल्पविराम ठेवावा की नाही याचा विचार करत आणि वही मिटत. महिन्याची वीस तारीख उजाडली. आठ दिवस हवे असतील तर ताई बावीसपर्यंत तरी यायला हवी होती.

त्या दिवशी वायरमनने गाडीच्या पोटात डोकं घातलं. मग आतूनच त्याचा आवाज आला. "काका, तुमचा अर्थच लागलेला नाही."

अनुस्वार दचकले. "काय म्हणालात?"

"अर्थ. बॅटरीपासून गाडीच्या अंगाला जाते ती वायर. हिचा नट गंजलाय. तिकडून परतायला वाट नाही, म्हणून वीज भलत्याच दिव्यातून हिंडतेय. दिवे नका बघू, वायरी नका बघू. आधी अर्थ कुठे लागलाय तो बघायचा, की बाकी सगळं आपोआप लागतं."

"अर्थाचं माझं कधी जमलंच नाही," अनुस्वार म्हणाले. "आम्ही नुसती अक्षरं बघायचो."

वायरमनने नट घासून चकचकीत केला आणि आवळला. मग सहज म्हणून एक जुना पिवळा बल्ब बसवून हेडलाइट लावला. समोरची भिंत लख्ख उजळली.

"म्हणजे जुन्या दिव्यांना काही झालंच नव्हतं?"

"दिव्यांना काय होतंय," वायरमन म्हणाला.

'मग हे आधी का नाही पाहिलंत,' असं अनुस्वारांना विचारायचं होतं. ते म्हणाले, "बरं."

दुपारी ते गाडी घेऊन घरी आले. "चल, ताईला आणायला जाऊ," ते दारातूनच म्हणाले. "पत्ता घे."

बायकोने खणातून पत्र काढलं. महिनाभरात ते तिच्या हातात पहिल्यांदाच आलं होतं. पत्ता शोधताना ती ताईच्याच सुरात, कुठे न थांबता, मोठ्याने वाचत गेली, आणि एकाएकी थांबली.

"अहो, हा लाल पूर्णविराम कुणी दिला?"

"तिने दिलाच नव्हता."

"तेच म्हणतेय. ऐका." तिने अंगठ्याने तो लाल ठिपका झाकला. "'गाडी घेऊन ये' म्हणणार नाही. मी बसने येईन. तुला संध्याकाळचं दिसत नाही, ठाऊक आहे मला."

अनुस्वारांनी पत्र मागून घेतलं, ठिपका आपल्या अंगठ्याने झाकला आणि वाचलं. मग अंगठा काढून वाचलं. मग पुन्हा झाकून.

"टोमणा नव्हता," ते म्हणाले.

"नव्हता. गेला महिनाभर ती पिशवी भरून बसली असेल, तुमच्या 'हो'ची वाट बघत. आणि तुम्ही इथे वायपर दुरुस्त करताय." तिने घड्याळाकडे पाहिलं. "पाचला टपालपेटी उघडतात. आज कार्ड पडलं तर उद्या तिला मिळेल. जायचंच असेल तर पेटीपर्यंत जा."

"आणि अंधार पडायच्या आत या," तिने खिडकीतून सांगितलं, पण तोवर ते गाडीत बसले होते. मांडीवर कार्ड होतं, आणि हातात लाल पेन्सिल, कारण घाईत दुसरं काही सापडलं नव्हतं. माफी आधी की शेवटी, हे आठवायलाही वेळ नव्हता. त्यांनी लिहिलं:

'ताई ये उद्या निघ परवा निघ बसने ये मी थांब्यावर आहे'

चौकात त्यांनी डावा दिला. फक्त डावाच लागला, सावकाश. पोलिसाने ओळखून मान हलवली.

पेटीपाशी उतरून त्यांनी कार्ड एकदा तपासलं. एकही विरामचिन्ह नव्हतं. पेन्सिल आपोआप 'ये'च्या पुढे गेली आणि तिथेच अडून राहिली. मागून टपालवाला थैली घेऊन येत होता.

"टाकताय ना, काका?"

अनुस्वारांनी पेन्सिल खिशात ठेवली आणि कार्ड पेटीत टाकलं.