साळूबाईंच्या घरातले गौण खनिज

सुप्यापलीकडच्या माळावर समभाव खडी उद्योगाची खाण आहे. मंगळवारी दुपारी तिथे सुरुंग उडाला आणि नारळाएवढा एक दगड साळूबाईंच्या घराचा पत्रा फोडून चुलीशेजारी पडला. नात ज्ञानेश्वरी तेव्हा शाळेत होती. त्यामुळे घटना किरकोळ ठरली.

साळूबाईंचे मागणे एवढेच होते की पोर घरात असताना सुरुंग उडवू नयेत. दगड पाटीत घालून, पाटी डोक्यावर घेऊन त्या खाणीच्या फाटकावर गेल्या.

फाटकावर त्यांचा भाचा अजिनाथ सुरक्षारक्षक होता. त्याच आठवड्यात कंपनीने सर्व रक्षकांना मानवी हक्कांचे प्रशिक्षण दिले होते. पूर्वी रक्षक माणसाला नुसते हाकलत. आता आधी नमस्कार करायचा, मग त्याचे हक्क वाचून दाखवायचे आणि मग हाकलायचे.

"नमस्कार, आदरणीय हक्कधारक," अजिनाथ हातातल्या कार्डात बघून म्हणाला.

"आज्या, मुडद्या, आत्याला वळखत न्हाई व्हय?"

"वळखतो गं, पन आधी कार्ड वाचू दे. तुला तक्रार करायचा हक्क हाय. मानानं वागवून घ्यायचा हक्क हाय. आत यायचा न्हाई."

"मग तक्रार कुठं करू?"

"तक्रारपेटी आत हाय."

तरी भाचाच तो. त्याने फोन करून कंपनीच्या हक्क अधिकारी सत्यशीला मॅडमना फाटकावर बोलावले. मॅडमनी साळूबाईंना खुर्ची दिली, पाणी दिले आणि दगड पाहिला.

"हा आमच्याच खाणीतला, हे तुम्हाला मान्य आहे?"

"व्हय तर! त्येच सांगाया आले."

"मग तसं लिहून घेते."

साळूबाईंनी आनंदाने अंगठा उमटवला.

इथे कायदा नीट समजून घ्यायला हवा. खाणीतला दगड म्हणजे गौण खनिज, आणि गौण खनिजाच्या वाहतुकीला पास लागतो. दगड उडाला तेव्हाही पास नव्हता. पण उडणे ही वाहतूक नव्हे. डोक्यावरून नेणे ही वाहतूक. पंचनाम्यात 'वाहनाचा प्रकार' या रकान्यात 'डोके' असे नमूद झाले. नियमाप्रमाणे वाहन जप्त व्हायचे, पण मानवी हक्कांचे धोरण आडवे आले. म्हणून फक्त पाटी जप्त झाली.

गुरुवारी घरात आणखी दोन दगड पडले, शुक्रवारी तीन. साळूबाई आता शहाण्या झाल्या होत्या. त्यांनी एकालाही हात लावला नाही. त्यामुळे ती वाहतूक न ठरता विनापरवाना साठा ठरली. साठा जप्त झाला, आणि जप्त साठ्याला पहारा लागतो. अजिनाथची बदली आत्याच्या दारात झाली.

"आत्या, आत जाता येनार न्हाई. निवाऱ्याचा हक्क हाय पन तुला."

"कुठं हाय त्यो निवारा?"

"ह्योच की. पर त्यात साठा हाय."

"आरं, पोरीची पुस्तकं आत हायती!"

"त्येंची यादी केलीया. लई सुरक्षित हायती."

ज्ञानेश्वरी शेजाऱ्यांच्या गोठ्यात अभ्यासाला बसू लागली. पुण्याहून एक स्वतंत्र निरीक्षक आले. त्यांनी साळूबाईंना छापील प्रश्न विचारला, "रक्षक उर्मटपणे वागतो का?"

"न्हाई वो, पोरगं लई गोड बोलतंय."

कंपनीला शंभरपैकी शंभर गुण मिळाले. दगडाबद्दलचा प्रश्न फॉर्मवर नव्हता.

घर कायमचे साठागृह करण्याआधी, लोकशाही असल्यामुळे, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन जनतेच्या हरकती मागवण्यात आल्या. तीस दिवसांत एक जरी हरकत आली असती, तरी घर मोकळे होणार होते. साळूबाईंची हरकत धरता येईना, कारण त्यांचा या प्रकरणात स्वार्थ होता. दुसरी आली नाही. एकतिसाव्या दिवशी अजिनाथने दारावर कंपनीची पाटी ठोकली आणि आत्याला नमस्कार केला.

ती जाहीर नोटीस तुमच्याही घरी आली होती. वर्तमानपत्राच्या त्याच पानाच्या मागच्या बाजूला दोन बेडरूमच्या नव्या फ्लॅटची जाहिरात होती. ती तुम्ही कापून फ्रिजवर लावलीत. नोटीस अजून तिथेच आहे, फ्रिजकडे तोंड करून.